कोणाचा रे तू?

कोकणातल्या वाडीत अनोळखी पोरगं दिसलं की त्याला कुणी नाव विचारत नाही. ‘कोणाचा रे तू?’ असं विचारतात. मालवणकडे ‘कोणाचो रे तू?’ उत्तरातही नाव नसतं, घर असतं. वरच्या घरातला, देवळाकडचा, सड्यावरचा, पऱ्ह्यापलीकडचा, म्हणजे ओढ्यापलीकडचा. पाच-सहा वर्षांच्या मुलाला हे उत्तर पाठ असतं. ते पाठ झालं की आपण कुठेही काहीही केलं तरी ते घरी पोचणार, हेही त्याला कळलेलं असतं. दुपारी कुणाच्या रायवळ आंब्याला दगड मारला, तर दिवेलागणीला घरात तोच विषय.

लहानपणचा परिसर माणसाला घडवतो, हे वाक्य भाषणांत पुष्कळ ऐकू येतं. ते कसं घडतं, हे कुणी सांगत नाही. ‘संस्कार’ हा एक शब्द टाकला की वक्ता मोकळा. वाडीत संस्कार हा निराळा विषय नव्हताच कधी. पाण्याची, कौलांची, शेताची, भजनाची कामं होती. प्रत्येकाला ठरलेली वेळ होती, आणि त्यातला लहानसा भाग मुलाच्या हातात दिलेला असायचा. चुकलं तर कुणी ओरडायच्या आधी ते डोळ्यांसमोर दिसायचं. यातली काही कामं जवळून बघितली तर माणूस कसा तयार होतो ते नीट कळतं.

आधी जागा समजून घ्यायला हवी. वर सडा, म्हणजे जांभ्याचा उघडा कातळ. पावसाळ्यात त्यावर गवत आणि रानफुलं, उन्हाळ्यात अनवाणी पाय ठेवू नये असा तापलेला. (याच सड्यांवर बारसू, कशेळी, उक्षी, देवाचे गोठणे इथली कातळशिल्पं आहेत. २०२२ साली ती युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. गुरं राखणाऱ्या पोरांच्या पायाखाली ती त्याआधी कितीतरी पिढ्या होती.) सड्याखाली उतारावर कलमं आणि काजू, त्याखाली घरं, घरांखाली मळे किंवा नारळी-पोफळीचं आगर, आणि शेवटी खाडी नाहीतर समुद्र. घराला घर चिकटलेलं नाही. मध्ये गडगे म्हणजे दगडी कुंपणं, पाणंद म्हणजे अरुंद वाट, पाखाडी म्हणजे दगडी पायऱ्यांची वाट. एका घरातून दुसऱ्या घरी जायचं तर वाट तिसऱ्याच्या खळ्यातून, म्हणजे अंगणातून, जाते. म्हणून खळ्यात पाय टाकण्याआधी हाक मारायची, बेडं, म्हणजे गडग्यातलं फाटक, उघडलं तर मागे लावायचं, वाळत टाकलेल्या भातावरून जायचं नाही. बेडं उघडं राहिलं आणि गुरं आत शिरली, तर कुणाच्या परसातली अळूची पानं गेली याचा हिशोब त्याच संध्याकाळी होतो.

आता विहीर. कोकणात वर्षाला साधारण तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, आणि एप्रिल-मे महिन्यांत त्याच कोकणातल्या वाड्यांना टँकर लागतो. जांभा सच्छिद्र आहे. पाणी वरून मुरतं आणि उताराने खाली निघून जातं, धरून ठेवणारं फारसं काही नाही. त्यामुळे विहिरीच्या पाण्यावर नजर ठेवणं हे ज्याचं त्याचं काम. बांधीव विहिरीत पाण्यावर किती चिरे उघडे पडलेत ते मोजतात. परवा सहा होते, आज सात दिसताहेत, म्हणजे आता आगराला शिंपणं एक दिवसाआड. शाळेत न जाणारं मूलही ही वजाबाकी करतं.

पाणी काढणं ही वाटते त्यापेक्षा अवघड कला आहे. कळशी सरळ सोडली तर पाण्यावर तरंगत राहते. राजूला, म्हणजे विहिरीच्या दोराला, बाजूला एक झटका द्यावा लागतो. त्याने कळशी आडवी होते, बुडबुड आवाज येतो, आणि आवाज थांबला की भरली. घाईने आधीच ओढली तर अर्धीच येते. ओढताना एका हाताखाली दुसरा हात, दोर मनगटाला कधी गुंडाळायचा नाही. रहाट सुटला तर माणूसही ओढला जातो. दहा लिटरची कळशी पाण्यासकट अकरा-बारा किलो भरते. खरी अडचण शेवटच्या दोन हातांत. कळशी कठड्याशी आली की एक हात दोरावरून काढून तिच्या गळ्याला घालावा लागतो, आणि त्या क्षणी सगळं वजन एकाच हातावर येतं. कळशी हातची जाते ती बहुतेकदा इथेच. म्हणून लहान मुलाला आधी कळशी द्यायची नाही, तांब्याचा नाहीतर प्लॅस्टिकचा छोटा डबा द्यायचा. दोराचं शेवटचं टोक खांबाला बांधलेलं आहे ना, हे आधी बघायला लावायचं. तरी कळशी पडतेच. मग गळ टाकायचा. तीन-चार आकड्यांचं ते लोखंडी अवजार वाडीत एखाद्याच घरी असतं, आणि ते मागायला ज्याने कळशी पाडली त्यानेच जायचं.

पाणी भरणं हे मुलींच्या वाट्याचं काम होतं, हे इथेच सांगून टाकायला हवं. मुलगे होळीचं झाड आणायला जायचे, मुली विहिरीवर. वाडी सगळ्यांना सारखी घडवते असं लिहिणाऱ्यांनी हंडे कुणाच्या डोक्यावर होते ते आठवून बघावं.

पाण्याचं दुसरं काम वर्षातून एकदा येतं आणि त्यात अख्खी वाडी लागते: पऱ्ह्यावरचा बंधारा. पाऊस ओसरला पण प्रवाह अजून चालू आहे, अशा ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या दिवसांत तो घालतात. उशीर केला तर अडवायला पाणीच उरत नाही, घाई केली तर परतीचा पाऊस तो वाहून नेतो. जागा निवडायची ती दोन्ही काठ उंच आणि पात्र अरुंद असेल तिथे. सिमेंटच्या रिकाम्या गोण्या पाऊण भरायच्या, पूर्ण नाही. गच्च भरलेली गोण टणक होते, शेजारच्या गोणीला बसत नाही, आणि मधल्या फटीतून पाणी पळतं. पाऊण भरलेली गोण पायाने दाबली की शेजारणीच्या अंगावर सैल बसते. तोंड सुतळीने शिवायचं. पहिला थर लावायच्या आधी तळातला पाला, सैल वाळू आणि गोटे काढून खालचा घट्ट भाग उघडा करायचा. हे काम कंटाळवाणं असतं म्हणून ते चुकवतात, आणि मग बंधारा वरून धडधाकट दिसतो पण पाणी खालून निघून जातं. थर विटांसारखे सांधा मोडून. दोन ओळींमध्ये चिकण माती ठोकून भरायची. दोन्ही टोकं काठात हातभर आत घुसवायची, नाहीतर पाणी बंधाऱ्याला वळसा घालून काठ कापतं. आणि मध्यभाग टोकांपेक्षा वीतभर खाली ठेवायचा, म्हणजे जादा पाणी मधून जातं.

मुलांचं काम गोणीचं तोंड उघडं धरणं, सुतळी कापून देणं, चिखल तुडवणं. चिखल तुडवण्यात मजा असते, त्यामुळे तिथे भांडण. पण जे मूल गोणीचं तोंड धरून बसतं त्याला पाऊण म्हणजे किती हे कायमचं कळतं. फेब्रुवारीत आजूबाजूच्या विहिरींचे चिरे गेल्या वर्षीपेक्षा उशिरा उघडे पडले, तर त्यात आपली गोण आहे हेही त्याला माहीत असतं.

आगोटची, म्हणजे पावसाळ्याआधीची, तयारी हा वाडीतला सर्वांत मोठा वर्ग. मृग लागतं ते ७ जूनच्या सुमारास, आणि त्याआधी सगळं आवरायला हवं. मिरची-मसाला, सुकी मासळी, मीठ, कुळीथ, आमसुलं, लाकडं घरात. खळ्यावरचा माटव, म्हणजे मांडव, उतरवायचा. मातीच्या भिंतींना झावळ्यांची झड बांधायची. आणि कौलं चाळायची.

कौलं चाळताना दोन माणसं लागतात, एक वर आणि एक खाली. खालचं माणूस म्हणजे मूल. दुपारी बाराला सूर्य डोक्यावर असताना घराची दारं-खिडक्या लावून आत अंधार करायचा आणि वर बघत बसायचं. जिथे कौल फुटलंय किंवा सरकलंय तिथून उजेडाचा बारीक टिपका दिसतो. लांब काठीने ते कौल खालून हलकेच टोचायचं. वरच्याला ते हललेलं दिसतं, तो ते काढून नवं बसवतो. एक-एक खण करत पुढे जायचं. जोरात टोचलं तर चांगलं कौल फुटतं. वरच्याने पाय वाशाच्या रेषेवर ठेवायचा, मध्ये ठेवला तर दोन-तीन कौलं एकदम जातात. वानरांनी केलेलं नुकसान बहुधा पन्हळीच्या कडेला आणि झाडाच्या फांदीखाली सापडतं, तिथे दोनदा बघायचं. एखादा टिपका सुटला तर जूनच्या दुसऱ्या आठवड्यात रात्री बरोबर त्याच जागी टोप ठेवावा लागतो, आणि टोपात पडणाऱ्या थेंबाच्या आवाजाने सगळं घर जागं राहतं. असं शिक्षण कुठल्या प्रगतिपुस्तकात मावणार?

पत्रे आले आणि हे काम संपलं. पत्र्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही. कौलं दरवर्षी चाळायला घरात माणसंच राहिली नाहीत.

किनाऱ्याजवळच्या वाडीतल्या मुलाला आणखी एक गणित येतं, ते भरतीचं. त्याला घड्याळ लागत नाही, कालनिर्णय लागतो. तिथीची पाऊणपट करायची, तो पूर्ण भरतीचा तास. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, म्हणजे भरती तीनच्या सुमारास, दुपारी आणि पहाटेही. अष्टमीला सहा. दशमीला साडेसात. पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा. शुक्ल पक्ष असो की कृष्ण, आकडा तोच. जागेप्रमाणे अर्धा-पाऊण तास इकडे-तिकडे होतो, तेवढी दुरुस्ती ज्या त्या गावचा माणूस मनात करतो. भरतीनंतर सव्वासहा तासांनी ओहोटी. रोज वेळ पन्नासेक मिनिटांनी पुढे सरकते, ही पाऊणपट त्याचीच.

एवढ्यावर भागत नाही. खुबे, मुळे, तिसऱ्या काढायला किंवा खडकावरची कालवं फोडायला जायचं तर उधाणाचे दिवस हवेत, म्हणजे पौर्णिमा-अमावास्या आणि पुढचे दोन-तीन दिवस. त्या दिवसांत भरती जशी मोठी तशी ओहोटीही खोल, आणि ती सकाळ-संध्याकाळ पाच-साडेपाचच्या पुढे येते. अष्टमीची ओहोटी दुपारी बाराला सोयीची वाटते, पण ते भांगाचं पाणी. फार मागे जात नाही, गुडघाभर पाण्यात चाचपडून हाती थोडंच लागतं. नवखा माणूस फसतो तो इथे. त्याहून मोठी फसगत परतताना. पाणी मागे गेलं म्हणून माणूस त्याच्यामागे पुढे पुढे जातो, आणि भरती लागली की समोरचं पाणी चढायच्या आधी पाठीमागची घळण भरते. खाडीच्या मुखाशी तर हमखास. म्हणून मुलांना सांगितलेलं असतं की समोरच्या लाटेकडे बघू नका, नांगरलेल्या होडीकडे बघा. होडीचं तोंड प्रवाह जिकडून येतो तिकडे असतं. ते समुद्राकडे फिरलं की पाणी उलटलं, टोपली उचला. टोपली भरली नसेल तरी.

शाळेसाठी तरीने, म्हणजे होडीने, खाडी ओलांडणारी मुलं याच हिशोबावर घरून निघायची. ओहोटीला धक्क्यापर्यंत होडी लागत नाही, चिखल तुडवावा लागतो. मग चपला दप्तरात आणि बादलीभर पाणी पलीकडे कुणाच्या तरी ओटीवर पाय धुवायला ठेवलेलं. त्या ओटीवाल्यांचा आणि त्या मुलांचा नात्याचा काही संबंध नसे.

रापणीबद्दल थोडक्यात. मालवण-वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावर होडीने समुद्रात जाळ्याचा अर्धगोल टाकतात आणि दोन्ही दोर किनाऱ्यावरून ओढतात. दोराला हात लावलेल्या प्रत्येकाचा त्यात वाटा असतो. जाळ्याचा, होडीचा, ओढणाऱ्यांचा असे भाग ठरलेले. शेवटी येऊन दोराला हात लावणाऱ्या पोरालाही मूठभर पेडवे, तारली मिळतात. किती मिळतात ते त्याने किती ओढलं यावर, आणि ते सगळ्यांनी बघितलेलं असतं.

शेतीत हाच हिशोब ‘सावडी’चा. आज तुमच्या खाचरात आमची तीन माणसं, परवा आमच्यात तुमची तीन. पैसा नाही, वही नाही. पण कुणाचे किती दिवस बाकी आहेत ते घरातल्या बाईला तोंडपाठ. मुलांना लावणीत उतरवतात ते तरव्याच्या, म्हणजे भाताच्या रोपांच्या, मुठी पोचवायला. चिखलात मुठी अशा फेकायच्या की लावणाऱ्याला मागे न बघता हाताशी मिळाव्यात. फार टाकल्या तर पायात येतात, कमी टाकल्या तर ओळ थांबते. थोडं मोठं झालं की चूड लावायला मिळते: दोन-तीन रोपं, वीतभर अंतर, आणि वर वर. पोर जोरात खुपसतं. खोल गेलेल्या रोपाला फुटवे कमी येतात. तरवा तीन-चार आठवड्यांपेक्षा जून झाला तरी तेच. ऑगस्टमध्ये मेरेवरून चालताना कुठली ओळ पोरांनी लावली ते लांबूनही ओळखू येतं आणि वडीलधारे ते बोलून दाखवतात.

गणपतीतल्या भजनांबद्दल इतकं लिहिलं गेलंय की एकच गोष्ट सांगून पुढे जावं. वाडीतली प्रत्येक घरची आरती-भजनं क्रमाने होतात, आणि क्रम मोडत नाही. घर दोन खोल्यांचं असो की चौसोपी, सगळी वाडी तिथे बसते. टाळ आधी पोरांच्या हातात येतो. टाळाला चूक लपवायला जागा नाही, पखवाजाच्या मागे पडला की सगळ्यांना कळतं. बुवा काही बोलत नाहीत, नुसतं बघतात. शिमग्यात पालखी नाचवताना खांदेकरी उंचीने जुळते घ्यावे लागतात, हेही असंच. पुढचा उंच आणि मागचा ठेंगणा असला की सगळा भार ठेंगण्यावर येतो. मग जोड्या बदलतात, कुणाला वाईट वाटलं तरी.

इथवर वाचून वाडी म्हणजे गोकुळ असं वाटत असेल, तर दुसरी बाजूही बघावी. गावातल्या वाड्या जातीप्रमाणे आहेत आणि नावंही तशीच. विहिरीही तशाच होत्या. वर सांगितलेली पाणी काढण्याची कला कुणाला कुठल्या विहिरीवर शिकता येत होती, हा प्रश्न याच किनारपट्टीत रस्त्यावर आला. महाडचं चवदार तळं, २० मार्च १९२७. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं मूळ गाव आंबडवे हे मंडणगड तालुक्यातलं. कोणाचा रे तू, या प्रश्नाला काही मुलांनी उत्तर दिलं की त्यांना खळ्याच्या बाहेरच थांबावं लागे. त्या मुलांनाही वाडीनेच घडवलं.

आणि जे आतले होते त्यांच्यावरची नजर. धोंडो केशव कर्वे दापोली तालुक्यातल्या मुरूडचे. जन्म १८५८, आजोळी शेरवलीला. १८७५ साली परीक्षेला बसायला ते मुरूडहून साताऱ्याला चालत गेले, सुमारे ११० मैल, घाट चढून. तिथे वय लहान दिसतं म्हणून बसू दिलं नाही, तसेच परत आले. चालायची ही तयारी ज्या गावाने दिली, त्या गावाबद्दलची ओढ त्यांच्यात शेवटपर्यंत होती. मुंबईत असताना त्यांनी गावासाठी ‘मुरूड फंड’ उभा केला. १८९३ साली त्यांनी विधवा असलेल्या गोदूबाईंशी पुनर्विवाह केला आणि त्याच मुरूडने त्यांच्यावर बहिष्कार घातला. पुढे हिंगण्याचा आश्रम, महिला विद्यापीठ, १९५८ सालचं भारतरत्न. कर्व्यांचं चरित्र सांगताना लोक चालणं सांगतात आणि बहिष्कार दोन ओळींत उरकतात. त्यांना दोन्ही एकाच गावाने दिलं.

वाळीत टाकणं हा जुना इतिहासही नाही. त्याविरुद्ध महाराष्ट्राला २०१६ साली कायदा करावा लागला, तीन वर्षांपर्यंत कैद आहे, आणि त्या सुमारास वर्तमानपत्रांत गाजलेली बरीच प्रकरणं रायगड जिल्ह्यातल्या गावकीची, म्हणजे गावच्या पंचमंडळींची, होती. भावबंदकीचं तर बोलायलाच नको. सातबारावर तीस नावं, गडगा दरवर्षी बोटभर सरकलेला, आणि बोलाचाल बंद असलेल्या दोन घरांतली मुलं एकाच विहिरीवर. त्या मुलांना एक वेगळीच हातोटी येते: माणसाशी न बोलता त्याच्याबरोबर काम करायची. नोकरीत ती फार उपयोगी पडते, हे थोडं वाईट वाटलं तरी खरं आहे.

वाडी सोडून माणूस मुंबईला गेला तेव्हा ही सगळी सामग्री बरोबर घेऊन गेला. गिरणगावात गावकीच्या खोल्या होत्या. एका गावची माणसं वर्गणी काढून खोली भाड्याने घेत. वीस-पंचवीस जण, प्रत्येकाची एक ट्रंक फळीवर. गिरण्या पाळ्यांत चालायच्या, त्यामुळे झोपही पाळ्यांत. एक उठून कामावर गेला की दुसरा त्याच जागी आडवा. खोलीत कोण किती देणार, पाणी कोण भरणार, गावाहून नवा पोरगा आला तर त्याला नोकरी लागेपर्यंत कोण पोसणार, याचे नियम लिहिलेले असोत नसोत, ते सावडीचे आणि विहिरीचेच नियम होते. गावच्या मंडळाची पावतीपुस्तकं आजही त्याच चोखपणे भरली जातात. पंचवीस रुपयांचा हिशोब लागत नाही म्हणून रात्री दीड वाजेपर्यंत बसणारी माणसं बघायची असतील तर कोकणातल्या कुठल्याही वाडीच्या मुंबई मंडळाच्या सभेला जावं. १९८२ च्या संपानंतर गिरण्या बसल्या, खोल्या मोडल्या. १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण धावू लागली आणि गाव एका रात्रीवर आलं. पण गाव जवळ आल्यावर लोक राहायला आले नाहीत, येऊन जायला लागले.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूने शिरलं आणि दापोली-मंडणगडपर्यंतच्या आगरांतले माड-पोफळी आडवे झाले. नवी पोफळ धरायला सहा-सात वर्षं लागतात. तेवढी वर्षं शिंपणं काढायला वाडीत कोण आहे, हा हिशोब ज्या घरांत जमला तिथे रोपं लागली. बाकीच्या आगरांत रान आहे.

आता मे महिन्यात पंधरा दिवस मुलांना गावी नेणाऱ्यांसाठी काही. नुसतं समुद्रावर नेऊन, आंबे खायला घालून, फोटो काढून मूल परत आणलं तर त्याने गाव बघितलं, एवढंच. त्याला एखादं काम द्या, आणि ते अर्धवट राहिलं तर दुसऱ्याने पूर्ण करू नका. काजूच्या बिया भाजताना मुलांना लांब ठेवा, टरफलातलं तेल उडतं आणि फोड येतात. ओला गर काढायला द्यायचा तर हाताला आधी खोबरेल. विहीर, कौलं यांना सोबत माणूस हवा. सर्वांत सोपं आणि बिनधोक काम अढीचं, म्हणजे पेंढ्यात आंबे पिकत घालायचं.

फळ झेल्याने, बोटभर देठ ठेवून काढलेलं असावं. दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा ‘नूतन झेला’ याचसाठी आहे. देठ तुटला की चीक फळावर ओघळतो, साल काळवंडते आणि फळ देठाकडून कुजायला लागतं. असे आणि आपटलेले आंबे मुलाने पहिल्यांदा वेगळे काढायचे. मग चौदा आणे, म्हणजे सोळातले चौदा, तयार कुठले ते बघायचं: देठाजवळचे खांदे वर आलेले, तिथे खळगी. शंका असेल तर बादलीत टाकायचं, तयार फळ बुडतं, कोवळं तरंगतं. हवेशीर खोलीत भाताचा पेंढा चार बोटं जाड पसरायचा, त्यावर फळांचा एकच थर, एकमेकांना न टेकणारा, त्यावर पुन्हा पेंढा. असे दोन-तीन थर, त्याहून जास्त नकोत, खालची फळं दबतात आणि ऊब कोंडते. पेंढा ओलसर नको. दर तिसऱ्या दिवशी अढी उलगडून डागी फळ काढायचं, कारण एक कुजलं की शेजारची दोन जातात. आठ-दहा दिवसांत खोलीभर वास सुटतो.

पिकलेले पहिले चार आंबे कुणाकुणाच्या घरी द्यायचे हे मुलाला विचारू नका, घरातल्या आजीला विचारा, आणि द्यायला मुलालाच पाठवा. वाटेत कुणीतरी हटकेलच, कोणाचा रे तू म्हणून. आणि कापल्यावर एखाद्यात साका, म्हणजे गरातला पांढरट न पिकलेला भाग, निघाला, तर त्याबद्दल पोराला बोलू नये. साका बाहेरून कळत नाही, आणि तो अढीत नाही, झाडावरच धरलेला असतो.